यामाहा एफजी-180, लाल लेबल : गाडीवर बांधून नेण्याजोगी गिटार

एफजी-180 हातात घेतली की पहिल्या दोन मिनिटांत फारसं काही घडत नाही. आवाज स्वच्छ, किंचित कोरडा. बेस पोटात घुमत नाही, वरच्या तारा चमचमत नाहीत. शेजारी सॉलिड टॉपची, म्हणजे वरची फळी प्लायवूडची नसून निव्वळ लाकडाची असलेली, एखादी भारीतली गिटार टांगलेली असेल तर बहुतेकांचा हात तिकडे जाईल. जाऊ दे. हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी नाहीच. भिंतीवर गिटारी आहेत, खाली पार्किंगमध्ये जुनी गाडी आहे, आणि दोन्हींपैकी एकच छंद ठेव असं घरच्यांनी बजावलं की जे ऐकू न आल्यासारखं करतात, त्या मंडळींसाठी आहे.

आधी वस्तू काय आहे ते. यामाहाने 1966 साली दोन फोक गिटारी काढल्या, मोठी एफजी-180 आणि जरा लहान अंगाची एफजी-150. एफजी म्हणजे फोक गिटार, इतकं साधं. तेव्हा कंपनीचं नाव अजून निप्पॉन गाक्की होतं, आणि साउंडहोलमधून, म्हणजे मधल्या गोल भोकातून, आत डोकावलं की लाल लेबलवर तेच नाव दिसतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लेबल हिरवं झालं. जमवणारे ‘लाल लेबल’ म्हणून जीव टाकतात ते त्या आधीच्या गिटारींवर. अमेरिकेतल्या 1969 च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात गायक कंट्री जो मॅकडोनाल्ड एकटाच स्टेजवर उभा राहिला, तेव्हा त्याच्या गळ्यात एफजी-150 होती आणि पट्ट्याऐवजी दोरीचा तुकडा. त्या दिवशी त्या गिटारीचा आवाज कोरडा आहे अशी तक्रार कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

आता मुद्द्याचं. या गिटारीचा टॉप प्लायवूडचा आहे. वर स्प्रूसचा पातळ थर, आणि खाली आडव्या-उभ्या रेषांचे आणखी थर चिकटवलेले. ओळखायची रीत सोपी आहे. साउंडहोलच्या कडेवर टॉर्च मारायचा. टॉपवरची लाकडाची रेष कडेवरून सरळ खाली उतरत असेल तर सॉलिड, कडेवर सँडविचसारखे पट्टे दिसले तर प्लाय. आमच्या टोळक्यात वर्षानुवर्षं यावरून वाद आहेत. एक पक्ष म्हणतो, प्लाय म्हणजे गिटार नव्हे, फर्निचर. सॉलिड टॉप वर्षागणिक खुलतो, प्लाय पहिल्या दिवशी जसा वाजतो तसाच शेवटपर्यंत वाजतो. यातलं दुसरं वाक्य बरंचसं खरं आहे. पण ‘तसाच शेवटपर्यंत’ ही निंदा कशी काय झाली, हे मला आजवर कळलेलं नाही.

लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं, आणि रेषेच्या आडव्या दिशेने फुगतं-आक्रसतं. सॉलिड टॉप म्हणजे एकाच दिशेची रेष असलेल्या दोन फळ्या मधोमध जोडलेल्या. कोरड्या हवेत त्या आक्रसायला बघतात, पण कडा आणि ब्रेसिंग (आतून चिकटवलेल्या आधारपट्ट्या) त्यांना धरून ठेवतात, आणि ताण असह्य झाला की फळी रेषेवरच तडकते. प्लायमध्ये एका थराला आक्रसायचं असतं तेव्हा त्याखालचा आडवा थर त्याला हलू देत नाही. आवाजातला मोकळेपणा याच जखडण्यामुळे थोडा जातो आणि टिकाऊपणाही याच जखडण्यातून येतो. सॉलिड गिटारीला पन्नास टक्क्यांच्या जवळपास आर्द्रता लागते म्हणून केसमध्ये ह्युमिडिफायर ठेवून तिची बडदास्त ठेवणारे आम्ही सगळे, घरी. गाडीवर कसली आलीय बडदास्त?

एका लांबच्या राइडवर हा वाद आपोआप निकालात निघाला. दिवसभर रखरखीत पठार, अंगातलं पाणी उडवणारा वारा, आणि अंधार पडता पडता घाटात दाट धुकं. आमच्यातल्या एकाने त्याची लाडकी ऑल-सॉलिड ड्रेडनॉट, मोठ्या अंगाची गिटार, आणली होती, जाड हार्ड केसमध्ये, लेकराला आणावं तशी. मुक्कामाला केस उघडली तर ब्रिजच्या, म्हणजे टॉपवर तारा जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या, खालून कडेपर्यंत केसासारखी बारीक चीर. बोटाने दाबलं की दोन्ही कडा वेगवेगळ्या हलत होत्या. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तुझं ते फर्निचर काढ बाहेर.” एफजी त्याच हवेतून आली होती. फक्त सूर उतरले होते, तेही सगळ्या तारांचे सारखेच, त्यामुळे उघडल्या उघडल्या नुसती वाजवली असती तरी चाललं असतं.

इथे गाडीबद्दल बोलणं आलं. माझी गाडी यामाहाचीच आरडी 350. गिटारीच्या हेडस्टॉकवर (खुंट्या असतात त्या टोकावर) आणि गाडीवर एकच चिन्ह, एकमेकांत अडकवलेले तीन ट्यूनिंग फोर्क, आणि माझ्यासारख्या माणसाला फितवायला एवढं पुरेसं होतं. नीट बघितलं तर दोन्ही चिन्हं जुळी नाहीत. वाद्यांच्या चिन्हात फोर्कची टोकं वर्तुळाच्या आत राहतात, गाड्यांच्या चिन्हात ती बाहेरच्या वर्तुळावर चढतात. हे एकदा दिसलं की मग दिसतच राहतं, आणि आपण लोकांना उगाच सांगत सुटतो.

वाद्यांची यामाहा आणि गाड्यांची यामाहा या दोन कंपन्या वेगळ्या झाल्या 1955 साली. युद्धाच्या काळात विमानांचे प्रोपेलर बनवणारी यंत्रं पडून होती, त्यांच्यावर काय करायचं म्हणून वाद्यांच्या कंपनीने मोटरसायकल काढली, 125 सीसीची वायए-1. तिच्या रंगामुळे तिला लाल चतुर (तो उडणारा कीटक) म्हणत. त्याच वर्षी जुलैत यामाहा मोटर ही स्वतंत्र कंपनी झाली आणि वायए-1 ने लगोलग फुजी पर्वताच्या चढाची शर्यत मारली. पण मला त्याहून आवडते ती आधीची गोष्ट. 1887 मध्ये तोराकुसू यामाहांनी एका शाळेतला बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त केला, मग स्वतः एक बनवला आणि तो बांबूला टांगून, एका साथीदाराबरोबर खांद्यावरून हाकोने डोंगर ओलांडून तोक्योला नेला. तिथल्या संगीतशाळेने ऐकून सांगितलं, बांधणी ठीक, ट्यूनिंग चुकलंय. तेव्हा त्यांनी तिथेच राहून संगीताचे धडे घेतले आणि परत येऊन दुसरा बनवला. वाद्य पाठीवर टाकून घाट चढणाऱ्या कुणालाही हा माणूस आपलाच वाटेल.

ट्यूनिंगवरून आठवलं. आरडीचं इंजिन दोन सिलिंडरांचं टू-स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट. टॅकोमीटरचा काटा 2,500 च्या किंचित खाली, 2,470 च्या आसपास धरला की सेकंदाला साधारण 82 स्फोट होतात. आणि गिटारीची सगळ्यात जाड तार, खालची ई, ती 82.4 हर्ट्झची. हा हिशेब आमच्यातल्या एका इंजिनिअरने चहाच्या कपाच्या बुडाने टेबलावर ओले गोल उमटवत मांडला, आणि त्यानंतर कित्येक मुक्कामांवर कोणीतरी गाडी चालू करून थ्रॉटल धरायचा आणि दुसरा कान लावून खुंटी पिळायचा. काटा थरथरतो, त्यामुळे सूर तंतोतंत कधीच लागत नाही. क्लिप-ऑन ट्यूनर सगळ्यांच्या खिशात असतो. तरी हा खेळ थांबत नाही, पेट्रोल जळतंय म्हणून कितीही शिव्या बसल्या तरी.

बांधणीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण गिटारीच्या रिव्ह्यूंमध्ये हे कोणी लिहीत नाही. पाठीवर गिटार घेऊन गाडी चालवणं फोटोत छान दिसतं. प्रत्यक्षात हेडस्टॉक हेल्मेटच्या वर येतो, वेग वाढला की वारा त्याला धरून मागे ओढतो, आणि मान वळवून मागचं बघायला गेलं की हेल्मेट त्यावर आपटतं. शिवाय पडलात तर पाठीखाली गिटार. मी ती मागच्या सीटवर, कॅरिअरच्या पाठकण्याला टेकून उभी बांधतो. बॅगेचं बूड कॅरिअरवर, खाली जाड फोम. हूकवाले इलॅस्टिक नकोत, ते नेकवर, म्हणजे गिटारीच्या लांब दांड्यावर, ओढ घेतात आणि खड्ड्यात गिटार नाचते. रुंद सपाट पट्टे वापरायचे, एक कमरेला, एक वर खांद्याजवळ, आणि नेक मोकळी. सामानाचं बाकी वजन शक्य तितकं खाली, कारण एवढी उंच वस्तू वळणावर गाडीला जड करते. वाऱ्याच्या झोताने हँडल हलकं लागतं, ते पहिल्या तासात अंगवळणी पडतं. टू-स्ट्रोक असेल तर बॅगेची मागची बाजू धुराच्या तेलाने काळी होणार हे धरूनच चाला. वर रेनकव्हर, कव्हरच्या आत आणखी एक जाड प्लॅस्टिकची पिशवी.

तारा एक स्वर उतरवून ठेवायच्या, पूर्ण सैल करायच्या नाहीत. पूर्ण ताणात लाइट सेटच्या, म्हणजे बारीक जाडीच्या, सहा तारा मिळून 70 किलोच्या वर ओढत असतात. आणि उन्हात उभ्या गाडीवर काळ्या बॅगेत गिटार सोडून जेवायला जायचं नाही. प्लाय तडकत नाही, पण डिंक तापला की मऊ पडतो, आणि ब्रिज मुख्यतः डिंकाच्याच जोरावर बसलेला असतो.

वाजवायला कशी? मुक्कामावर, चार जण गात असताना, हिच्याइतकी समजूतदार गिटार मी पाहिली नाही. मधले सूर पुढे येतात, त्यामुळे आवाज गाणाऱ्यांच्या पायाखाली राहतो, डोक्यावर बसत नाही. मोकळ्या हवेत सॉलिड ड्रेडनॉटचा तो गडगडाट तसाही हवेतच विरतो. जोरात स्ट्रम केलं तरी सूर फाटत नाहीत. फिंगरपिकिंगला मात्र ही जरा कंजूस आहे. हलक्या बोटाला उत्तर देत नाही, तिच्याकडून नाजूक काही काढायचं तर नखं लागतात. एकट्याने रात्री दिवाणखान्यात बसून स्वतःला ऐकायचं असेल तर मी भिंतीवरची दुसरी काढतो.

घ्यायची असेल तर लेबलापेक्षा नेक बघा. अर्धशतक तारांच्या ओढीखाली राहिलेली कुठलीही अकूस्टिक थोडी पुढे झुकलेलीच असते. बाराव्या फ्रेटवर खालच्या ई तारेखाली अंतर मोजा. तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर बिनधास्त. त्याहून जास्त असेल तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी, किती उरलंय ते बघा, कारण सॅडल घासून अ‍ॅक्शन (तारांची उंची) खाली आणता येते, पण घासायला काही शिल्लक तर हवं. आधीच्या मालकाने सॅडल पार ब्रिजच्या बरोबरीला आणलेलं असेल आणि तारा तरीही उंच असतील, तर नेक काढून नव्याने बसवणं हाच उपाय, आणि त्याचं बिल गिटारीच्या किमतीला सहज मागे टाकतं. सरळ स्केल लावून बघायचं. फ्रेटबोर्डवर ठेवलेली लांब पट्टी ब्रिजच्या माथ्याला टेकली पाहिजे, खाली गेली तर हात जोडून निघायचं. मग ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतो का ते बघा. सरकला तर ब्रिज सुटायला लागलाय. त्यानंतर हवं तर लेबलाच्या प्रेमात पडा.

यामाहाने 2019 मध्ये लाल लेबल पुन्हा आणलं, एफजी-3 आणि एफजी-5. अंग जुन्यासारखं, टॉप सॉलिड स्प्रूस, मागे-बाजूला सॉलिड मॅहोगनी, आणि टॉपच्या लाकडावर प्रक्रिया करून त्याला जुन्या लाकडासारखं वाजायला शिकवलेलं. दोन्ही वाजवून पाहिल्यात. आवाजात जुनीपेक्षा उजव्या आहेत, वाद नको. एफजी-5 ची खर्जातली गोलाई तर जुन्या 180 ला स्वप्नातही जमणार नाही. पण त्यांना ओलाव्याचं, उन्हाचं, केसचं सगळं पथ्य आलं. ज्या गुणासाठी मी 180 ठेवली तोच नेमका त्यांच्यात नाही. यामाहाच्या एसआर 400 सारखी गाडी शेवटपर्यंत फक्त किकवर विकणाऱ्या घराण्याने जुन्या मॉडेलचा प्लायवूडही ठेवला असता तर मी रांगेत पहिला उभा असतो. अर्थात रांगेत दुसरं कोणी नसतं, हेही खरं.

संग्रहाच्या नजरेने ही गिटार कितपत? शोकेसमधली नव्हे. दाखवायला, भाव वाढायची वाट बघायला दुसऱ्या पुष्कळ आहेत. यामाहातच हवी असेल तर 1976 ची इलेक्ट्रिक एसजी-2000 बघा, गिटारवादक सांतानामुळे नावारूपाला आलेली, ब्रिजखाली पितळेची पट्टी असलेली, खांद्याचा घाम काढणारी. ती घरी ठेवायची. 180 बाहेर न्यायची, तिच्यावर ओरखडे पडू द्यायचे. माझ्या 180 च्या मागच्या अंगावर जॅकेटच्या चेनने घासून एक पांढुरका पट्टा झालाय. ते नीट करून देतो असं एक दुकानदार प्रत्येक वेळी म्हणतो आणि मी प्रत्येक वेळी विषय बदलतो.

एक शेवटचं, कामाचं. जुन्या खुंट्या सैल झालेल्या असतात, आणि गाडीच्या कंपनाने त्यांचे स्क्रू आणखी ढिले पडतात. प्रवासाला निघायच्या आधी आवळून घ्या. अगदीच फिरत नसतील तर नव्या बसवा, पण लाकडाला नवी भोकं न पाडता बसतील अशाच. जुन्या फेकू नका. पिशवीत घालून केसच्या कप्प्यात ठेवा. पुढे विकायला काढलीत तर घेणारा पहिला प्रश्न त्यांचाच विचारेल.