तयार आरसा विकत घेताना: सरळ रेघांच्या फोटोला भुलू नका

घरी दुर्बीण बांधणाऱ्यांपैकी कुणी सध्या तयार आरसा ऑनलाइन मागवायच्या विचारात असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. फोकसर (आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, पुढेमागे सरकवणारा भाग) भिकार निघाला तर बदलता येतो, प्लायवूडचा डबा वाकडा झाला तर रंधा मारता येतो. मुख्य आरसा खोटा निघाला तर बाकी सगळी मेहनत पाण्यात जाते. शिवाय तो खोटा आहे हे कळायलाच फार वेळ लागतो, आणि विकणाऱ्याची सगळी भिस्त त्या वेळावरच असते.

माझा आधीचा सहा इंची, एफ/8 (म्हणजे नाभीय अंतर, प्रकाश एकवटतो ते अंतर, व्यासाच्या आठपट) आरसा मी हाताने घासलेला. 80 नंबरच्या कार्बोरंडमपासून (घासायची कडक पूड) सुरुवात, मग 120, 220, 320 असं बारीक होत जाणारं ग्राइंडिंग आणि शेवटी पिच लॅपवर, म्हणजे डांबरासारख्या पिचच्या थरावर, सेरियम ऑक्साइडच्या पुडीचं पॉलिश. आठ इंचीसाठी मात्र तेवढा वेळ नव्हता आणि गॅलरीत घासकामाचं पिंप ठेवायला घरच्यांची परवानगीही नव्हती. म्हणून तयार आरसा शोधत होतो. एक जाहिरात सापडली: 200 मिलिमीटर, एफ/5, पॅराबोलिक (ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत आणणारा आकार), बोरोसिलिकेट काच, एक-दशांश तरंग अचूकता (चूक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या दहाव्या भागाएवढीच), कोटिंगसह ₹16,000. सोबत रिपोर्ट आणि रोंकी चाचणीचा, म्हणजे बारीक रेघांच्या जाळीतून आरसा पाहण्याच्या चाचणीचा, फोटो. फोटोत काळ्या-पांढऱ्या रेघा अगदी पट्टीने आखल्यासारख्या सरळ.

फोनवरचा माणूस विषयातला होता, हे आधीच सांगतो. त्याला पिच कुठलं वापरावं, कडा कशी दबते, सगळं ठाऊक. "सर, एकेक आरसा मी स्वतः टेस्ट करून पाठवतो." कोटिंगवाल्याला आगाऊ द्यावे लागतात या सबबीखाली सगळी रक्कम यूपीआयने घेतली. बिल मागितलं तर "पार्सलमध्ये टाकतो" म्हणाला. पार्सलमध्ये बिल नव्हतं. आरसा मात्र होता, आणि दिसायला देखणा होता. नव्या अॅल्युमिनियम कोटिंगचा कुठलाही आरसा देखणाच दिसतो, त्यावरून आकाराबद्दल काडीचंही कळत नाही.

दुर्बीण उभी राहिली. कमी वर्धनावर चंद्र छान, कृत्तिका छान. गुरूवर 150 पट वर्धन लावलं की पट्टे पुसट, चंद्रांचे ठिपके केसाळ. शनीची कडी दिसत होती, पण कड्यांमधली काळी रेघ, कॅसिनीची फट, काही केल्या दिसेना. शेजारी माझी जुनी सहा इंची लावली तर तिच्यात ती फट दिसायची. आठ इंचीने सहा इंचीपुढे मान खाली घालावी, हे काही पटेना.

विक्रेत्याला कळवलं की दर वेळी नवीन उत्तर यायचं. आधी कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवणं. मग "आरसा थंड व्हायला तासभर द्या". मग आपल्याकडची हवा, मग माझे आयपीस. यातलं एकही कारण मुळात खोटं नाही, आणि म्हणूनच माणूस गुंततो. कोलिमेशन बिघडलं तर प्रतिमा खरंच बिघडते, गरम आरसा खरंच त्रास देतो. हे सगळं तपासण्यात ऋतू उलटला, पावसाळा आला, आकाश बंद झालं. तेवढ्यात "परत घेण्याची मुदत" संपली होती.

खरं काय ते आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ काकांकडे कळलं. त्यांनी आयुष्यभर आरसे घासले आहेत. त्यांच्याकडे फुकोची चाचणी घरीच होते: एक एलईडी, एक दाढीचं पातं आणि मिलिमीटरने सरकणारं लाकडी स्टँड. आरशावरून परतलेला प्रकाश पात्याने अडवायचा आणि आरशावर पडणाऱ्या सावल्या पाहायच्या. लेऑं फुको यांनी ही पद्धत 1858 च्या सुमारास मांडली, आणि अजूनही घरगुती आरसेवाल्यांचं तेच मुख्य हत्यार आहे. काकांनी पातं आत सरकवलं आणि आरसा एकदम सगळीकडून सारखा करडा झाला. मी म्हटलं, "काका, एकदम स्वच्छ आहे की." ते म्हणाले, "तोच तर घोळ आहे. मला इथे मेदूवडा दिसायला हवा होता."

घोळ असा. ही चाचणी आरशाच्या वक्रता केंद्राशी होते, म्हणजे नाभीय अंतराच्या दुप्पट लांबून. माझ्या आरशासाठी सुमारे 2 मीटर. गोलाचा तुकडा असलेला आरसा तिथून निघालेला सगळा प्रकाश परत त्याच बिंदूत आणतो, म्हणून तो सपाट, निर्दोष दिसतो. अन्वस्ताकार, म्हणजे पॅराबोलिक आरसा तसं करत नाही. त्याच्या मधल्या भागाची आणि कडेची वक्रता वेगळी असते, त्यामुळे पात्याआड तो फुगवट्याची, काकांच्या मेदूवड्याची, सावली दाखवतो. 200 मिलिमीटर एफ/5 आरशात दिवा स्थिर ठेवून मोजलं तर मध्य आणि कड यांच्या वाचनांत (पात्याच्या जागेच्या नोंदींत) सुमारे 5 मिलिमीटरचा फरक यायलाच हवा. माझ्या आरशात तो फरक जवळपास शून्य होता.

रोंकी चाचणीचंही तेच. वक्रता केंद्राशी सरळ रेघा आल्या तर आरसा गोलीय आहे. चांगल्या पॅराबोलिक आरशाच्या रेघा तिथे वाकलेल्याच दिसतात, आणि जाळी केंद्राच्या अलीकडे-पलीकडे नेली की उलट दिशेला वाकतात. म्हणजे ज्या फोटोवर भाळून आम्ही पैसे भरले, तोच फोटो हा माल पॅराबोलिक नसल्याचा कबुलीजबाब होता. सपाट आरशाची मदत घेऊन केलेल्या चाचणीत मात्र पॅराबोलिक आरशाच्या रेघा सरळ येतात, म्हणून "हा कुठल्या मांडणीतला फोटो आहे?" एवढा एकच प्रश्न विचारावा. माझ्या विक्रेत्याने "स्टँडर्ड टेस्ट आहे सर" एवढंच उत्तर दिलं होतं.

हा धंदा चालतो कसा, याचं उत्तर आकड्यांत आहे. सहा इंची एफ/8 आरसा गोलीय ठेवला तरी तरंगाग्रातली (परावर्तित प्रकाशलाटेच्या आकारातली) चूक साधारण पाव तरंगाची येते, आणि पाव तरंग ही लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखली जाणारी सर्वमान्य मर्यादा. म्हणजे लहान, लांब नळीच्या दुर्बिणीत गोलीय आरसा खपून जातो आणि गिऱ्हाईक खूश राहतं. आठ इंची एफ/5 मध्ये तीच चूक जवळपास 1.4 तरंगांवर जाते. तरी काचेत फरक किती? पृष्ठभागावर 0.4 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास. कारागिराने चुकवलं ते एवढंच, पण सगळ्यात कौशल्याचं काम तेच: पॉलिशनंतर अन्वस्त काढायचं आणि दर वेळी मोजून पाहायचं. गोल आपोआप घडतो, दोन काचा एकमेकींवर घासल्या की. पॅराबोला घडवावा लागतो. पैसे त्या कामाचे घेतले आणि ते काम केलंच नाही. हबल दुर्बिणीच्या आरशाची कड 2 मायक्रॉनहून थोडी जास्त चपटी झाली होती, तर 1993 मध्ये अंतराळवीर पाठवून दुरुस्ती करावी लागली. तिथे निदान फसवायचा हेतू तरी नव्हता.

पुढे विचारपूस केली तेव्हा विदर्भातल्या एका मुलाकडे त्याच विक्रेत्याचा सहा इंचीचा रिपोर्ट निघाला. अनुक्रमांक वेगळा, व्यास वेगळा, फोटो तोच. आरशावरचा धुळीचा ठिपकासुद्धा त्याच जागी. काचही बोरोसिलिकेट नव्हती बहुधा. कडेने पाहिलं तर खिडकीच्या काचेसारखी हिरवट झाक स्पष्ट दिसते.

त्याच पार्सलमधला तिरका दुय्यम आरसा (प्रकाश आयपीसकडे वळवणारा) तर साधा मागून पारा लावलेला निघाला. हे ओळखणं सोपं: अगदी कडेला कागदाचं टोक टेकवा, टोक आणि त्याचं प्रतिबिंब यांत फट दिसली की चकाकी काचेच्या मागे आहे. अशा आरशात तेजस्वी ताऱ्याशेजारी भूत-प्रतिमा दिसते.

तयार दुर्बिणी घेणाऱ्यांसाठीही एक सांगतो. 114 मिलिमीटरची, "फोकल लेंग्थ 1000" लिहिलेली, पण नळी जेमतेम अर्धा मीटर लांब अशी दुर्बीण दिसली तर फोकसरमध्ये एक भिंग लपवलेलं असतं, आणि स्वस्त मालात ते भिंग बहुतेकदा सुमारच. खोक्यावर 675 पट वगैरे छापलेलं असेल तर खोकं खाली ठेवा. व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट ही आदर्श हवेतली कमाल.

आरसा हातात आल्यावर पावसाळ्याची वाट पाहू नका. ध्रुवतारा मध्ये आणा, तो फारसा हलत नाही. जास्त वर्धनावर फोकस किंचित आत, मग तेवढाच बाहेर न्या. दोन्हीकडची वलयं सारखी दिसायला हवीत. माझ्या आरशात आतल्या बाजूला सगळ्यात बाहेरचं कडं झगझगीत आणि बाहेरच्या बाजूला कड विरघळलेली, हे गोलीय आरशाचं ठरलेलं लक्षण. याहून बरं म्हणजे पैसे देण्याआधीच विक्रेत्याला विचारा: माझ्या अनुक्रमांकाच्या आरशाची झोनवार, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतच्या प्रत्येक पट्ट्याची, फुको वाचनं पाठवाल का? ज्याने आरसा खरंच मोजलाय त्याच्या वहीत ती असतातच. जवळपास खगोल मंडळ असेल तर तिथे आरसा तपासून देणारं कुणी ना कुणी भेटतं.

पैशांचं म्हणाल, तर यूपीआयची नोंद, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि काकांची वाचनं जोडून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. त्यानंतर विक्रेत्याचा फोन आला आणि ₹6,000 परत आले. उरलेले द्यायला तो तयार नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, विक्रेता दुसऱ्या राज्यात असला तरी, आणि ₹5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. कागद तयार आहेत, विदर्भातला मुलगाही स्वतःची तक्रार घालतोय. या विक्रेत्याकडून आणखी कुणी आरसा घेतला असेल तर चॅट पुसू नका, खोका आणि कुरिअरची पावती जपून ठेवा, आणि कोटिंग उतरवून आरसा पुन्हा घासायला काढण्याआधी वाचनं दोन साक्षीदारांसमोर लिहून घ्या.