पेपर मागे घ्यायचा असेल तर: एडिटोरियल मॅनेजर, स्कॉलरवन आणि ओजेएस कितपत सोयीचे?

संशोधनाचा पेपर टाकायला जर्नलच्या (शोधपत्रिकेच्या) पोर्टलवर ठळक बटण असतं. मागे घ्यायला मात्र शोधाशोध. सांगली-साताऱ्याकडच्या प्राध्यापकांचा आणि पीएचडीवाल्यांचा ज्या तीन पोर्टलांशी नेहमी संबंध येतो, त्यांची फक्त ही एक बाजू इथे तपासली आहे.

तिघांत एडिटोरियल मॅनेजर बरं. पोर्टलने तुमच्या फाइलींची पीडीएफ तयार केली पण तुम्ही ती अप्रूव्ह केली नसेल, तर पेपर अजून जर्नलकडे गेलेलाच नाही. ‘रिमूव्ह सबमिशन’ दाबा, विषय संपला. अप्रूव्ह केल्यावर ती लिंक जाते आणि ‘सेंड ई-मेल’ उरतं. जर्नलने रिव्हिजन (पेपरात सुधारणा) मागितली असेल तर ‘डिक्लाइन टू रिव्हाइज’ दिसतं. पण ते घाईत दाबू नका, पेपर पुन्हा उघडून घ्यायचा तर संपादकीय कार्यालयाची मनधरणी करावी लागते. रिव्हिजनची मुदत नुसती उलटू देणं म्हणजे माघार नव्हे, हेही लक्षात असू द्या.

स्कॉलरवनवर ड्राफ्ट असेपर्यंत डिलीट करता येतं, सबमिट झाल्यावर बहुधा ‘कॉन्टॅक्ट जर्नल’वरून मेल. एवढंच.

ओजेएस (ओपन जर्नल सिस्टिम्स) हे मोफत सॉफ्टवेअर, त्यामुळे विद्यापीठांची आणि छोट्या संस्थांची जर्नलं बहुधा यावरच. अर्धवट सबमिशन स्वतः काढता येतं, पूर्ण झालेलं नाही. ‘प्री-रिव्ह्यू डिस्कशन्स’मध्ये नवी चर्चा उघडायची आणि सहभागींच्या यादीत संपादकाच्या नावापुढे खूण करायची. ती राहिली तर संपादकाला सूचनाच जात नाही आणि तुम्ही आठवडाभर उत्तराची वाट बघत बसता. दुसरी खोच अशी की संपादक बहुधा पेपर ‘डिक्लाइन’ करूनच बंद करतो. म्हणजे नोंदीत तो नाकारलेला दिसतो. ‘लेखकाच्या विनंतीवरून मागे घेतला’ असं वेगळं पत्र मागून घ्या.

तिन्हीकडे खरं काम मेलच करतो. विषयाच्या ओळीत मॅन्युस्क्रिप्ट नंबर (पोर्टलने पेपरला दिलेला क्रमांक), मजकुरात शीर्षक, सबमिशनची तारीख, एका वाक्यात खरं कारण (डेटात चूक सापडली, विषय जर्नलच्या कक्षेत बसत नाही, रिव्ह्यू फार लांबला), सगळ्या सहलेखकांची संमती आणि शेवटी लेखी पोच देण्याची विनंती. मेल कॉरस्पाँडिंग ऑथरकडूनच (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाकडूनच) गेला पाहिजे, बाकीचे सीसीत. आपल्याकडे घोडं इथंच अडतं. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाने कॉलेजच्या मेलवरून पेपर टाकलेला असतो, वर्ष संपताच तो मेल बंद. अशा वेळी आधी पोर्टलवर लॉगिन करून प्रोफाइलमधला पत्ता बदला, मग विनंती पाठवा.

पोच येईपर्यंत पेपर त्यांच्याकडेच आहे असं समजायचं. विनंती पाठवली त्याच संध्याकाळी दुसरीकडे टाकणं म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी सादर करणं, आणि प्रकाशन-नैतिकतेत तो गैरप्रकार ठरतो. हळदीच्या कंदकुजीसारख्या विषयात रिव्ह्यूअर (पेपर तपासणारे तज्ज्ञ) मोजकेच; तोच पेपर दोन्हीकडून एकाच माणसाच्या हातात पडायला वेळ लागत नाही. दहा-बारा दिवसांत उत्तर नाही आलं तर आधीचा मेल जोडून मुख्य संपादकाला लिहा.

स्वीकृतीनंतरची माघार अवघड. प्रूफ (छपाईपूर्वीची तपासणी-प्रत) आणि प्रकाशन-शुल्काचं बिल निघायच्या आत कळवलेलं बरं. छापून आल्यावर तर ‘विथड्रॉ’ हा शब्दच लागू नाही, तिथे रिट्रॅक्शन (छापलेला पेपर रद्द ठरवणं) होतं आणि डीओआयसकट (पेपरच्या कायमच्या ऑनलाइन क्रमांकासकट) नोंद कायम राहते.

राहिली ती बनावट जर्नलं. दोन दिवसांत स्वीकृती, मग फी, नको म्हटलं की ‘विथड्रॉवल चार्ज’. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मे २०१८ मध्ये आपल्या मान्य जर्नलांच्या यादीतून ४,३०५ जर्नलं काढली होती. २०२५ मध्ये त्यानंतरची केअर ही मान्य जर्नलांची यादीही बंद केली, त्यामुळे पारख आता आपल्यालाच करायची आहे. पैसे भरू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. फॉर्मवर सही केली नसेल तर तसं मेलमध्ये स्पष्ट लिहा आणि ‘छापण्यास संमती नाही’ हे वाक्य घाला. त्या दिवशी पेपर त्यांच्या साइटवर नव्हता याचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून मेलसोबत पीडीएफ करून ठेवा. त्यांनी नंतर परस्पर छापलाच, तर पुढच्या जर्नलला दाखवायला हाच कागद लागतो.