जड वाहन परवान्याचे प्रशिक्षण: शिकवणी चोख, हिशेब मात्र मोघम

सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2024 च्या निकालानुसार हलक्या वाहनाच्या परवान्यावर 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवता येत असले, तरी दहाचाकी ट्रक हाती घ्यायचा तर जड वाहनाचा परवाना लागतोच, आणि त्याच्या शिकाऊ परवान्यासाठी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो. ती मुदत भरल्यावर मी तालुक्याच्या गावातील एका प्रशिक्षण केंद्रात नाव घातले.

शिकवणाऱ्या काकांचे निम्मे आयुष्य घाटात गेलेले. पहिल्या दिवशी इंजिन सुरू करून त्यांनी मला नुसते हवेच्या दाबाच्या काट्याकडे पाहत बसवले. ब्रेकची हवा भरल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही, हे तेव्हापासून अंगवळणी पडले. वळणावर मागची चाके किती आत येतात, हे दाखवण्यासाठी त्यांनी कोपऱ्यावर वीट ठेवली. मी तशा तीन विटा फोडल्या, चौथी वाचली.

खटकले ते इतकेच, की ठरलेल्या शुल्काखेरीज चाचणीच्या दिवशी ‘गाडीभाडे’ म्हणून वेगळी रक्कम मागितली गेली आणि तिची पावती काही मिळाली नाही. प्रवेश घेणाऱ्यांनी हा खर्च आधीच लेखी ठरवून घ्यावा, आणि शक्य तर सकाळची तुकडी मागावी, कारण दुपारी केबिन अक्षरशः भट्टीसारखी तापते.