डबल मार्कर + पीएलजीएफ पॅकेज (घरी येऊन सॅम्पल, पुणे): रक्त घेणं मस्त, रिपोर्ट वैताग

धाकट्या बहिणीसाठी घेतलं हे, बारावा आठवडा चालू होता तेव्हा. लॅबचं नाव टाकत नाही. नुसत्या डबल मार्करपेक्षा (बाळाला डाऊन सिंड्रोम वगैरेची शक्यता बघणारी रक्ततपासणी) पैसे बरेच जास्त पडतात कारण यात पीएलजीएफ पण बघतात, म्हणजे वारेतून (प्लॅसेंटातून) आईच्या रक्तात येणारं एक प्रोटीन. वार नीट रुजली नसेल तर ते कमी सापडतं आणि मग पुढे प्रीएक्लॅम्प्सियाची शक्यता वाढते, म्हणजे बीपी चढणं, लघवीतून प्रोटीन जाणं, फारच झालं तर झटके, लिव्हर किडनीला त्रास. आमच्या आईला या बहिणीच्याच वेळी हे सगळं झालेलं म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम लिहून दिलं.

सॅम्पल घ्यायला मुलगा वेळेवर आला, एका टोचण्यात काम झालं, उपाशी राहायचं नाही हे आधीच सांगितलेलं. एनटी स्कॅनचा (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी) रिपोर्ट, वजन, उंची, आयव्हीएफ आहे का, सगळं फॉर्मवर भरून घेतलं. पण बीपी मोजलंच नाही!! अहो बीपीच्या आजाराची रिस्क काढताय ना? ती नुसत्या रक्तावरून निघत नाही, बीपी, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्ताचा प्रवाह बघणारी सोनोग्राफी) आणि पीएलजीएफ हे सगळं एकत्र धरलं तर मुदतीआधी होणाऱ्या केसेसपैकी साधारण ७५% आधी ओळखता येतात, त्यात दहा टक्के बायका उगाच हाय रिस्कमध्ये धरल्या जातात.

आता रिपोर्ट. पहिल्या पानावर डाऊन सिंड्रोम वगैरे लो रिस्क, हिरव्या रंगात, मोठ्या अक्षरात. प्रीएक्लॅम्प्सियाची रिस्क कुठे, तर तिसऱ्या पानावर तळाला, बारीक टायपात, १:६८. काउंटरवर विचारलं तर "सगळं नॉर्मल आहे मॅडम". नॉर्मल कसलं, शक्यता १:१०० पेक्षा जास्त, म्हणजे दुसरा आकडा शंभराच्या आत आला, की हाय रिस्क धरतात. अर्थात ६८ जणींत एकीला होईल एवढाच त्याचा अर्थ, घाबरून रडारड करायची गरज नाही (आमच्याकडे झाली ती वेगळी गोष्ट).

डॉक्टरांनी मात्र सरळ ते पान काढलं, दोन्ही हातांचं बीपी बसवून दोनदा घेतलं, डॉपलरचे आकडे जोडून लॅबला पाठवले. लॅबने जादा पैसे न घेता नवीन रिपोर्ट दिला, हे कौतुकाचं. रिस्क थोडी कमी झाली तरी शंभराच्या आतच, मग रात्री अ‍ॅस्पिरिन १५० एमजी चालू, ३६ आठवड्यांपर्यंत. २०१७ ला यावर मोठी ट्रायल झाली होती, हाय रिस्क बायकांमध्ये ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया नुसत्या साखरेच्या गोळीवाल्यांत ४.३% आणि अ‍ॅस्पिरिनवाल्यांत १.६%. पण गोळी सोळा आठवड्यांच्या आत सुरू झाली तर खरा उपयोग, म्हणून टेस्ट ११ ते १३ आठवड्यांतच करून घ्या, पुढे ढकलू नका. आणि डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून आणून खाऊ नका प्लीज.

अजून एक. कॉल सेंटरवाली बाई त्याच वेळी एसफ्लिट-पीएलजीएफ रेशो (रक्तातल्या दोन प्रोटीन्सचं प्रमाण) पण गळ्यात मारत होती. ती टेस्ट वीस आठवड्यांनंतर, बीपी वाढलंय किंवा डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत असा संशय आला की करतात. बाराव्या आठवड्यात त्याचं काय लोणचं घालायचं?

सॅम्पलला पाच स्टार, रिपोर्टला दोन, तक्रार केल्यावर ऐकून घेतलं म्हणून एकूण साडेतीन. बुक करताना पीएलजीएफ धरलंय का ते फोनवरच विचारा, प्रीमियम डबल मार्कर असं लिहिलेल्या सगळ्याच पॅकेजमध्ये ते असतंच असं नाही, आणि बीपी जवळच्या दवाखान्यात आधीच मोजून आकडा हातात ठेवा.