नागपूर ते मुंबई ‘दर्शन’ पॅकेज: गाडी झकास, जेवण झकास, मुंबई मात्र आपली आपण पाहावी

आधी निकाल सांगते, कारण अर्धे लोक तेवढंच वाचतात. सोबत म्हातारं माणूस असेल, मुंबईत हक्काचं घर नसेल आणि रेल्वेच्या आरक्षणाची कटकट नको असेल, तर पॅकेज खुशाल घ्या. फक्त त्यात ‘मोकळा दिवस, स्वखर्चाने’ असं बारीक अक्षरात लिहिलेला एक दिवस असतो, तो झोपून घालवू नका. आमचे पैसे वसूल झाले ते त्या दिवशी. ट्रॅव्हल्सचं नाव लिहीत नाही. नागपुरात बर्डीवर अशी ढीगभर ऑफिसं आहेत आणि पत्रकं शेजारी शेजारी ठेवली तर कोणतं कोणाचं ते ओळखू येत नाही.

मी नागपुरातल्या इंदोऱ्याची. मुंबई मला नवी नाही, पण माझी मुंबई सहा डिसेंबरची, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनाची. वस्तीतल्या बायांसोबत जायचं, शिवाजी पार्कच्या मंडपात पथारी टाकायची, रांगेत उभं राहून अभिवादन करायचं, स्टॉलवरून पुस्तकं घ्यायची आणि परतीची गाडी धरायची. आमच्याकडच्या किती तरी लोकांची मुंबई एवढीच असते. ज्याचं सरकारी काम, त्याची मंत्रालयापुरती. ज्याच्या घरी आजारपण, त्याची परळच्या टाटा हॉस्पिटलपुरती. नुसतं फिरायला मुंबईला जायचं हे सासूबाईंना पटेचना. ‘‘समुद्र पाहाले एवढे पैसे? काहून वं?’’ शेवटी नणंदबाई म्हणाल्या, ‘‘आई, बाबासाहेबांचं राजगृह पाहू,’’ तेव्हा कुठे बॅग भरली.

चांगलं ते आधी. विदर्भ एक्सप्रेसची तिकिटं कन्फर्म, सासूबाईंना खालचा बर्थ, दादरला उतरल्यावर गाडी हजर, खोल्या स्वच्छ, लिफ्ट चालू. टूर मॅनेजर म्हणून जो पोट्टा सोबत दिला होता तो गुणी निघाला. गोळ्या घेतल्या का, पायऱ्या चढवतील का, सगळं विचारायचा. नागपूरचा स्वयंपाकी सोबत असतो, तो सकाळी तर्री पोहे आणि रात्री वरण-भात, भरलं वांगं करतो. ग्रुपमधले निम्मे लोक त्यावरच खूश होते. मला मात्र हे नवल वाटलं की आठशेच्या वर किलोमीटर जाऊन माणसं तेच पोहे खातात आणि वर म्हणतात, ‘‘मुंबईत काही मिळत नाही बाप्पा आपल्यासारखं.’’

आता बस. बसमधून जे दाखवतात ते असं: गेटवे, मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन, सिद्धिविनायक, जुहू, नटांचे बंगले, मॉल. बंगले म्हणजे गेट आणि गेटवरचा वॉचमन. म्युझियम खिडकीतून बोट करून दाखवलं. ओव्हल मैदानाच्या बाजूनं बस गेली तेव्हा गाईड माइकवर चुटके सांगून राहिला होता. खरं तर त्या मैदानाच्या एका अंगाला हायकोर्ट आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, व्हिक्टोरियाच्या काळातले दगडी, टोकदार कमानींचे. समोरच्या अंगाला १९३०च्या सुमाराच्या गोल बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. दोन्ही मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या. बस थांबवून, एकदा इकडे तोंड करून आणि एकदा तिकडे तोंड करून नुसतं उभं केलं असतं तरी चाललं असतं.

ताजपुढे मात्र मला राहवलं नाही. गाईडनं खोलीचं भाडं सांगितलं, लोकांनी ‘‘आ’’ केला, झालं. अहो, हे हॉटेल जमशेटजी टाटांनी १९०३ साली सुरू केलं, तेव्हा शेजारचं गेटवे उभं राहायचं होतं. ते पुरं झालं १९२४ साली. आणि जमशेटजींची मोठी भरभराट सुरू झाली कुठून, तर आपल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलपासून. ती सुरू झाली १ जानेवारी १८७७ला. माझे आजेसासरे त्या मिलमध्ये जन्मभर खपले. सासूबाईंनी त्या घुमटाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे यातल्या दोन विटा आपल्या आहेत.’’ गाईड हसला. मी हसले नाही.

त्याच दुपारी बस लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवरच्या मॉलमध्ये नेली आणि दोन तास दिले. दोन तास! त्या गिरणगावात १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि त्यातले बहुतेक पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत, याचा चकार शब्द नाही. आमच्या एम्प्रेस मिलच्या जागेवरही मॉलच झालाय. तो पाहायला मला जाधव चौकात रिक्षानं जाता येतं.

मोकळ्या दिवसाचं सांगते. हॉटेल दादर पूर्वेला होतं, म्हणून आम्ही तिघी चालतच निघालो. आधी हिंदू कॉलनीतलं राजगृह. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी बांधलेलं घर. तळमजल्यावर त्यांच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या आहेत. घर गल्लीत आहे, दोन्ही बाजूंना झाडं, शाळेची पोरं येऊन-जाऊन राहिलेली. सासूबाई चपला काढून आत गेल्या, भिंतीवरचा एकेक फोटो पाहिला आणि बाहेर येऊन पायरीवर बसल्या. त्यांना उठवायची आम्हाला घाई नव्हती. पॅकेजच्या यादीत हे घर नाही. चैत्यभूमीही नाही, आणि मुक्काम दादरला!

राजगृहातून पुढे चालत गेलं की पारशी कॉलनी लागते. रस्ते रुंद, इमारती ठेंगण्या, बाल्कनीत सदरा घातलेले म्हातारे. मग फाइव्ह गार्डन्स. आणि थोडं पुढे गेलं की पाट्या बदलतात, केसांतला मोगरा वाढतो, फुटपाथवर केळीची पानं गुंडाळून विकायला ठेवलेली दिसतात, आणि फिल्टर कॉफीचा वास येतो. हे माटुंगा. म्हणजे बाबासाहेबांचं घर, पारशी आणि तमिळ लोक, सगळं एका सकाळच्या चालीत. मला मुंबईला जायचं कारण कोणी विचारलं तर मी हीच वाट सांगते. समुद्र काय, विशाखापट्टणमलाही आहे.

माटुंग्यात स्टेशनजवळ १९४२ पासूनचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. केळीच्या पानावर जेवण. पान आधी पाणी शिंपडून पुसायचं, मग वाढपी वाऱ्यासारखे येतात. सासूबाईंनी सांबार भातात कालवलं, बोटानं चाखलं आणि जाहीर केलं, ‘‘तिखट नाही, पण चव आहे.’’ सावजीवर वाढलेल्या जिभेकडून एवढं मिळणं म्हणजे पाचपैकी साडेचार. दुपारी एकच्या आत जा, नंतर फार गर्दी असते. सकाळी नाश्ता करायचा तर किंग्ज सर्कलजवळ कॅफे मद्रास आहे, तिथं रसम वडा मागवा. बाहेर नाव लिहून थांबावं लागतं, ते धरून चला.

गेटवेच्या दिवशी कोलाबा कॉजवेवर खरेदीला सोडलं होतं. ग्रुप चपला घेत होता, नणंदबाई आणि मी काळा घोड्याकडे सटकलो. तिथं निळ्या रंगाचं ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ आहे, १८८४चं, केनेसेथ एलियाहू. ओळखपत्र दाखवून आत सोडतात. आत रंगीत काचा, वर बायकांना बसायला गॅलरी. दहा मिनिटं चाललं की सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८चं. चर्चगेट स्टेशनचं नाव पडलं ते याच चर्चकडच्या किल्ल्याच्या दरवाजावरून. मध्येच कुठं पारशांची अग्यारी, तिथं आपल्याला आत जाता येत नाही, बाहेरूनच दगडी पंखवाले बैल पाहायचे. आम्ही मग टॅक्सीनं धोबी तलावला कयानीत गेलो, १९०४चं इराणी हॉटेल. ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, मागवला. वरून असा कडक की पहिल्या घासाला टाळू सोलवटली. शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, ‘‘बुडवून खा, बेन!’’ चहात बुडवला की कवच मऊ पडतं, लोणी वर तरंगतं, चहा खारट-गोड होतो. कपाच्या तळाशी जो चुरा उरतो तो चमच्यानं खायचा. नणंदबाईंनी आणखी एक मागवला.

घारापुरीच्या लेण्यांना जाणं पॅकेजमध्ये ‘ऐच्छिक’ होतं, जास्तीचे पैसे देऊन. द्या. गेटवेपासून लाँच साधारण तासभर घेते. आमच्यातल्या कित्येकांनी नागपूरच्या फुटाळा तलावापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे पहिली वीस मिनिटं लाँचमध्ये नुसता कल्ला. धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पुढे शंभरावर पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर डोली मिळते, भाव आधीच ठरवा. वरची त्रिमुखी मूर्ती वीसेक फूट उंच आहे, पण मी सांगेन, आत गेल्याबरोबर तिच्याकडे धावू नका. डोळे अंधाराला सरावू द्या, मग मधला चेहरा हळूहळू उमटतो, मिटलेल्या पापण्या, जाड खालचा ओठ. सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात लाँचचा भरवसा नाही.

एके दिवशी बस कुठल्याशा वॉटर पार्कला निघाली, तेव्हा आम्ही लोकलनं बोरिवलीला गेलो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत, शंभराच्या वर. ताडोबा, पेंच उशाशी असलेल्या माणसाला जंगलाचं काय कौतुक, पण शहराच्या पोटात बिबटे राहतात हे ऐकून सासूबाईंनी माझा हात धरला तो सोडला नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात चैत्यगृह आहे, व्हरांड्यात दोन्ही टोकांना बुद्धाच्या उभ्या मूर्ती, मान पार मागे टाकून पाहाव्या लागतात. आत स्तूप. नणंदबाईंनी हळू आवाजात त्रिसरण घेतलं, तो आवाज खांबांमधून फिरून परत आला. बाहेर कातळात खोदलेली पाण्याची टाकी, प्रत्येक विहाराला आपलं. पावसाचं पाणी चरांतून टाक्यात उतरवलेलं, दोन हजार वर्षांपूर्वी. शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत, कल्याणचे व्यापारी, सोपाऱ्याचे, नाशिकचे. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. तिथला स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी खणून काढला. तिथं जायला वेळ उरला नाही, वसईचा किल्लाही राहिला.

चैत्यभूमीला शेवटच्या संध्याकाळी गेलो. साध्या दिवशी गेलात तर सावकाश बसता येतं, हे मला माहीतच नव्हतं. सहा डिसेंबरला मागून गर्दीचा लोंढा येतो, पुढून स्वयंसेवक ‘चला, चला’ म्हणतात. एरवी आत सात-आठ माणसं, मागे लाटा. ज्यांच्या घरी ऑक्टोबरात दीक्षाभूमीसाठी मुंबईहून पाहुणे उतरतात, त्यांनी एकदा अशा साध्या दिवशी जावं.

बाकी किरकोळ. लोकलनं जायचं तर अकराच्या नंतर आणि चारच्या आत, बायकांच्या डब्यात. त्यात कोणी कोळीण, कोणी केरळची नर्स, कोणी भाजी निवडून राहिलेली, आणि तिघींच्या बाकावर चौथी सीट मागितली की निमूट सरकतात. आरे ते कफ परेड भूमिगत मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण चालू आहे, म्हाताऱ्यांना ती बरी, सरकते जिने आहेत. थंडीत जा. आपल्याकडे पंचेचाळीस डिग्रीत घाम वाळतो तरी, तिथं तीस डिग्रीत वाळत नाही. हाजीअलीला जायचं असेल तर भरतीची वेळ आधी पाहा, वाट पाण्याखाली जाते.

आल्यावर ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून ‘फीडबॅक’चा फोन आला. मी म्हटलं, राजगृह आणि चैत्यभूमी यादीत घाला, आमच्या भागातून तुम्हाला बसभर लोक मी मिळवून देते. साहेब म्हणाले, ‘‘घालतो ना ताई, वीस मिनिटं बसतील.’’ म्हटलं, मॉलला वीस मिनिटं करा आणि ते दोन तास इकडे द्या. ‘‘विचारून सांगतो,’’ म्हणाले. त्यांनी होकार कळवला की इथंच खाली लिहीन.