कॅलिफोर्निया किंगस्नेक: गोव्यात पट्ट्यांचा नको, रेघेचा घ्या

डिचोलीतल्या आमच्या घरी कॅलिफोर्निया किंगस्नेक या बिनविषारी अमेरिकी सापाची मादी आहे. एक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा तिने इथे काढला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. सांभाळायला सोपी, खाण्याची कटकट नाही, हातात शांत राहते. पण घेताना लोक रंग आणि किंमत एवढंच बघतात, म्हणून हा लेख.

या सापाचे मुख्य नमुने दोन. अंगभर काळे-पांढरे आडवे पट्टे, किंवा पाठीवरून शेपटीपर्यंत एकच उभी रेघ. एके काळी या वेगळ्या प्रजाती मानल्या जायच्या. अमेरिकेतले सर्पतज्ज्ञ लॉरेन्स क्लॉबर यांनी 1930 च्या दशकात दाखवून दिलं की एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही तऱ्हेची पिल्लं निघतात.

पट्ट्यांचा साप देखणा असतो, पण आपल्याकडे मण्यार आहे. तीही काळी, तिच्याही अंगावर पांढरे पट्टे. रात्री फिरते, पावसात घरात शिरते, आणि चावली तरी पुष्कळदा दुखत नाही. निवांत बघितलं तर फरक कळतो. मण्यारीचे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने आणि मानेकडे पुसट होत गेलेले; किंगस्नेकचे रुंद, थेट मानेपासून सुरू झालेले. पण वीज गेलेली असताना बॅटरीच्या उजेडात हे कोण बघणार? आपलाच साप सुटला असं समजून घरातल्या पोराने मण्यारीला हात घातला तर? ज्या घरात मुलं आहेत तिथे पट्ट्यांचा किंगस्नेक आणूच नये, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आम्ही रेघेची मादी निवडली. चॉकलेटी अंगावर साईच्या रंगाची रेघ, मानेपाशी तुटून तिचे ठिपके झालेले. कात टाकली की दोन दिवस ती रेघ नुसती झळकत असते.

आता वंशाचं. विकणाऱ्याकडे आईबापांचे आणि त्याच खेपेतल्या भावंडांचे फोटो मागा. फोटो द्यायला कां-कूं करणाऱ्या एका विक्रेत्याला आम्ही सरळ नकार दिला. ‘66 टक्के हेट अल्बिनो’ म्हणून जास्त पैसे सांगतात, त्याचा अर्थ समजून घ्या. अल्बिनो म्हणजे अंगात काळा रंगच नसलेला फिकट साप, आणि हेट म्हणजे तो गुण अंगात दडलेला पण स्वतः साधा दिसणारा. आईबाप दोघेही हेट असतील तर चारांतलं एक पिल्लू अल्बिनो निघण्याची शक्यता असते. उरलेल्या साध्या दिसणाऱ्या पिल्लांपैकी सरासरी तिनांत दोघांच्या, म्हणजे 66 टक्क्यांच्या, अंगात तो गुण दडलेला असतो. नुसतं बघून तो ओळखता येत नाही. पिल्लं काढायची नसतील तर त्याचे पैसे मोजू नका. किंगस्नेकचा कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव सापाशी संकर होतो, तेव्हा आईबाप कोण हे इथेही विचाराच.

‘जोडी घ्या’ म्हणतील, ऐकू नका. हा साप इतर साप खातो, स्वतःच्या जातीचेसुद्धा. एका पेटीत एकच.

पावसाळ्यात नारळाचा भुसा ओला राहतो आणि पोटाच्या खवल्यांना फोड येण्याची भीती असते. जूनपासून आम्ही साधा कागद घालतो आणि ओला दिसला की लगेच बदलतो.

पेटीला कुलूप हवंच. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर पाळीव किंगस्नेक सुटले, 1998 पासून ते तिथे रानात सापडताहेत, त्यांत रेघेचे आणि अल्बिनोही आहेत. बेटावरच्या मूळच्या सरड्यांचा त्यांनी फडशा पाडला. आपलं रान तर कुंपणापासूनच सुरू होतं. आमच्या पेटीची किल्ली मुलांच्या हाती जात नाही.