धरमपेठेतलं वाइन शॉप : कॉर्कची बाटली घ्यावी की झाकणाची?

निवड नागपूरच्या मानाने बरी आहे: नाशिकची सुला, अकलूजची फ्रातेली, चार-दोन इटालियन. व्हाइट वाइन काचेच्या फ्रीजमध्ये ठेवतात, हे उत्तम. तक्रार आहे ती रेडबद्दल. कॉर्कच्या महागड्या बाटल्या सगळ्यात वरच्या फळीवर, दिव्याखाली, उभ्या!

कॉर्क ओला राहावा म्हणून बाटली आडवी ठेवायची असते. उभ्या बाटलीचा कॉर्क सुकतो, आकसतो आणि हवा आत शिरते. त्यात रात्री एसी बंद. नवतपात दुकान तापलं की वाइन फुगून कॉर्क वर ढकलते, गार झाली की हवा आत ओढते. युरोपातल्या १२-१३ अंशांच्या तळघरांत रुळलेली कॉर्कची रीत ४५ अंशांच्या गावात जशीच्या तशी कशी चालेल? घेण्याआधी बाटलीच्या तोंडावरून बोट फिरवा. आवरणाखाली कॉर्कचा उंचवटा लागला, गळ्याशी चिकट ओघळ दिसला किंवा वाइनची पातळी शेजारच्या बाटलीपेक्षा खाली असली, तर बाटली परत फळीवर.

स्क्रू कॅपला, म्हणजे फिरवून उघडायच्या झाकणाला, हलकं समजणारी गिऱ्हाइकं अजून बरीच आहेत. सुलाची शेनिन ब्लाँ ताजी असतानाच प्यायची व्हाइट वाइन. तिला कॉर्क हवा कशाला? कॉर्कमधल्या टीसीए या रसायनामुळे येणारा ओल्या पुठ्ठ्याचा वासही टळतो. मात्र उन्हापासून झाकण वाचवत नाही. तापलेली वाइन शिजवलेल्या फळासारखी लागते आणि बाहेरून काहीच कळत नाही. कॉर्क निदान चुगली तरी करतो. उघडल्यावर जळक्या काडीचा वास आला तर लगेच ओतून देऊ नका. झाकणाच्या अस्तरातून हवा फारशी जात नाही, म्हणून गंधकाचा वास आत कोंडतो. ग्लासात दहा मिनिटं घोळवली की बहुतेकदा जातो.

आणि परंपरेचंच म्हणाल तर, पारंपरिक पद्धतीची, शॅम्पेनसारखी फेसाळ स्पार्कलिंग वाइन बाटलीत दुसऱ्यांदा आंबते तेव्हा तिच्यावर सहसा बियरच्या बाटलीसारखं पत्र्याचं झाकणच असतं. कॉर्क आणि तार नंतर, यीस्टचा गाळ काढल्यावर.

काउंटरवर ‘रेड रूम टेम्परेचरला प्या’ सांगतात. ते टेम्परेचर १६ ते १८ अंशांचं. मे महिन्यात कुलरच्या खोलीतही ते मिळत नाही. आधी फ्रीजमध्ये गार करूनच उघडा.

पाचपैकी तीन. मार्चनंतर इथून फ्रीजमधली व्हाइट घ्यावी. रेड हवीच असेल तर फळीवरची नको, नुकत्याच आलेल्या खोक्यातली मागावी. मागितली तर काढून देतात.